कॅमेऱ्याचे सोवळे

आमच्या महाविद्यालयाच्या छायाचित्र मंडळाची स्पर्धा दरवर्षी स्नेहसंमेलनाच्या आधी होते. गेल्या वर्षी तिच्या सूचनेत पाचव्या क्रमांकाचा एक नियम होता : 'ऑटो मोडवर काढलेली छायाचित्रे स्पर्धेस अपात्र समजली जातील.' सूचनेखाली तिघांच्या सह्या होत्या आणि त्यांतली एक माझी होती. हे आधीच कबूल करून टाकते. नाहीतर पुढचे वाचून एखादा म्हणायचा, 'स्वतः नियम करायचे आणि स्वतःच त्याविरुद्ध अंकात लेख लिहायचे, हा काय प्रकार आहे?' प्रकार तोच आहे.

स्पर्धेला पन्नासेक चित्रे आली. त्यांतले एक प्रथम वर्षाच्या एका मुलाचे होते. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या सुट्टीत तो कारखान्याच्या तळावर त्यांच्याकडे राहायला गेला होता. चित्र पहाटेचे. कोपीच्या तोंडाशी तीन दगडांची चूल, तिच्या उजेडात भाकरी थापणारी आई, चेहऱ्याची एकच बाजू उजळलेली, आणि मागच्या अंधारात बैलाचे एक शिंग तेवढे चकाकते आहे. ते पाहून आम्ही तिघेही जरा वेळ बोललो नाही. मग रीतीप्रमाणे चित्राची कुंडली उघडली. हल्ली प्रत्येक चित्राबरोबर त्याची कुंडलीही साठवलेली असते : कुठला कॅमेरा, किती वाजता, शटर किती, मोड कोणता. कुंडलीत निघाले : मोबाइल, ऑटो. अपात्र. पहिले बक्षीस एका धबधब्याला गेले. पाणी दुधासारखे पांढरे आणि मऊ दिसणारा धबधबा मी आजवर चाळीस वेळा तरी पाहिला असेल. (विजेत्याने रागावू नये. तो माझा मित्रच आहे आणि बक्षिसाच्या पैशातून त्याने आम्हा सर्वांना मिसळ खाऊ घातली आहे.)

त्या मुलाने तक्रार केली नाही. बक्षीस समारंभानंतर जिन्यात भेटला तेव्हा एवढेच म्हणाला, "ताई, तेच एमवर ठेवून काढलं असतं तर काय वेगळं झालं असतं?"

मला उत्तर देता आले नाही. त्या गोष्टीला वर्ष होऊन गेले. आज सुचलेले उत्तर इथे मांडते आहे.

आधी नियमाची बाजू सांगते, कारण तो आम्ही निव्वळ आडमुठेपणाने केला नव्हता. प्रथम वर्षात असताना राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला मी नवा कोरा कॅमेरा घेऊन गेले होते. वरची चकती हिरव्या चौकोनावर, म्हणजे पूर्ण ऑटोवर. ज्यांच्या ओसरीवर आम्ही सात दिवस जेवलो त्या मावशींनी शेवटच्या दिवशी ठेवणीतले लुगडे नेसले, कपाळभर कुंकू लावले आणि घराच्या नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीपुढे भर दुपारी उभ्या राहिल्या. "एकटीचा काढ," म्हणाल्या, "एकटीचा एक बी न्हाई." मी चार काढले. घरी आल्यावर त्यातल्या त्यात बरा होता त्याची मोठी प्रत करून पाठवली. आठ दिवसांनी गावातल्या एका पोराकरवी निरोप आला : "लुगडं झकास आलंय, पर बाईचं तोंड कुठं गेलं?"

खरेच नव्हते. पदराच्या आत काळा लंबगोल होता आणि त्यात दोन पांढरे ठिपके.

माझे काका तालुक्याच्या गावी तीस वर्षे फोटो स्टुडिओ चालवत होते. पासपोर्ट, लग्ने, बारसी, निवडणुकीतल्या मिरवणुका, सगळे. त्यांना ती प्रत दाखवली. ते हसले नाहीत. म्हणाले, "अगं, तू बाईचा फोटो काढलाच नाहीस. भिंतीचा काढलास. बाई मध्ये आली."

मग त्यांनी मीटर म्हणजे काय ते समजावले. कॅमेऱ्यातला मीटर समोरून परत येणारा उजेड मोजतो. पण समोर काय आहे हे त्याला कळत नाही. म्हणून त्याने एक गृहीत धरून ठेवलेले असते : समोर जे काही आहे ते सरासरीने मध्यम करड्या रंगाइतके उजळ असणार, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी शंभरातला सुमारे अठरा भाग परत टाकणारे. आमच्या वसतिगृहाच्या मेसमधला आचारी जसा कोल्हापूरच्या, कोकणातल्या आणि नागपूरच्या पोरांना मिळून एकच तिखट घालतो, तसा हा प्रकार. बहुतेकांचे भागते. पण समोर पांढरी भिंत आली की मीटर म्हणतो, 'बापरे, फार उजेड!' आणि भिंत करडी होईपर्यंत सगळे चित्र काळवंडून टाकतो. त्या भिंतीपुढे सावळा चेहरा असेल तर तो कोळसा होतो. उलट काळी म्हैस चौकट भरून उभी करा. मीटर तिला उजळ करता करता राखाडी करून ठेवतो. काकांच्या अल्बममध्ये अशी एक राखाडी म्हैस होती. त्यांच्या पहिल्या वर्षाची आठवण म्हणून त्यांनी ती फाडली नव्हती.

"मीटरचं ऐकायचं, पण मग आपलं ठरवायचं," काका म्हणाले. पांढऱ्या भिंतीवरून मीटरने आकडा दिला असेल तर तिथून दीड-दोन स्टॉप उघडायचे. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट, दोन म्हणजे चौपट. भिंत जळून पांढरीफट झाली तर होऊ दे. भिंतीला कुणी ओळखत नाही.

काकांच्या उमेदवारीच्या काळात त्यांच्याकडे अ‍ॅग्फाचा 'क्लिक थ्री' होता, १२० च्या रोलवर बारा फोटो. पुढे हाताने चालवायचा कॅमेरा आला, तरी त्यात मीटर नव्हताच. रोलच्या खोक्यावर ऊन, ढग आणि सावली यांची चित्रे आणि आकडे छापलेले असत. तोच त्यांचा गुरू. स्वच्छ उन्हात छिद्र सोळावर आणि शटर रोलच्या आकड्याइतके, म्हणजे १०० चा रोल असेल तर १/१२५. लग्नात फ्लॅशचा हिशोब पावलांनी : आठ फुटांवर छिद्र आठ, सहा फुटांवर अकरा, अकरा फुटांवर पाच पॉइंट सहा. अंतर आणि छिद्र यांचा गुणाकार चौसष्टच्या आसपास राहिला पाहिजे. फ्लॅशचा आकडा चौसष्ट, म्हणून. दहावीपर्यंत शिकलेले माझे काका अंतरपाट दूर होण्याच्या क्षणी हा भागाकार मनातल्या मनात करत होते आणि छत्तीस फोटोंच्या रोलमध्ये एखाददुसराच वाया जाऊ देत होते. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, मला त्याला कागद लागला.

यानंतर सहा महिने मी एमशिवाय काही लावले नाही. नव्याने माळ घातलेला माणूस जसा दुसऱ्याच्या ताटात डोकावून कांदा शोधतो, तशी मी इतरांच्या कॅमेऱ्यांवरच्या चकत्या तपासू लागले. पाचव्या क्रमांकाचा नियम या काळातला आहे.

आणि याच काळात आमच्या महाविद्यालयाचा आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचा अंतिम सामना झाला. सकाळी मैदानावर ऊन होते, त्याचे आकडे मी लावून ठेवले होते. सामना रेंगाळत संध्याकाळवर गेला, दिवे लागले. मी दर पाच मिनिटांनी आकडे बदलत होते आणि स्वतःवर खूश होते. शेवटच्या मिनिटाला आमचा चढाईपटू तिघांच्या मगरमिठीतून मधल्या रेषेकडे झेपावला. त्या क्षणी माझे बोट चकतीवर होते आणि डोळा पडद्यावरच्या आकड्यांवर. दाबले तेव्हा शटर १/३० वर होते. माझ्या चित्रात चार माणसांचा मिळून एक भुरकट ढग आहे. माझ्या शेजारी बाकावर उभ्या असलेल्या एका मुलीने कॅमेरा 'एस'वर ठेवला होता : शटर ५०० वर पक्के, बाकीचे कॅमेऱ्याने पाहावे. तिच्या चित्रात त्याच्या नखाखालची मातीसुद्धा दिसते. क्रीडा विभागाच्या फलकावर आज ते चित्र आहे. त्या खेळाडूने मला विचारले होते, "तुझा कसा आला?" मी सांगितले, कार्ड खराब झाले. वाचकहो, कार्ड ठणठणीत होते.

मंडळात या विषयावर वाद निघाला की कोणीतरी हमखास म्हणतो, 'बटण दाबले की झाले, ही काय छायाचित्रकला?' हा आक्षेप सव्वाशे वर्षांहून जुना आहे. जॉर्ज ईस्टमनने १८८८ साली कोडॅकचा पहिला कॅमेरा विकायला आणला, तेव्हा त्याची जाहिरातच अशी होती की तुम्ही बटण दाबा, बाकीचे आम्ही करू. शंभर चित्रांचा रोल आत घालूनच कॅमेरा मिळे. शंभर चित्रे काढली की अख्खा कॅमेरा रॉचेस्टरला कारखान्यात पाठवायचा. किंमत पंचवीस डॉलर, म्हणजे गरिबाचे काम नव्हते. १९०० साली एका डॉलरचा 'ब्राउनी' आला आणि पोरांच्याही हाती कॅमेरा गेला. त्याआधीची मंडळी काचेच्या पाटीवर स्वतः रसायन ओतून, पाटी ओली आहे तोवर तंबूत धावत जाऊन ती धुवत असत. सोवळे मोजायचेच ठरले, तर त्यांच्यापुढे आमच्या मंडळातले सगळे एमवाले ओवळेच ठरतील.

उजेड आपणच मोजून छिद्र ठरवणारा पहिला कॅमेराही वाटतो तितका नवा नाही. तो कोडॅकनेच १९३८ साली काढला होता. १९७६ च्या कॅननच्या 'एई-१' मध्ये सूक्ष्मसंगणक बसला. १९८३ साली निकॉनच्या 'एफए'ने चौकटीचे तुकडे पाडून प्रत्येकाचा उजेड वेगळा तोलायला सुरुवात केली, म्हणजे भिंत आणि बाई यांत काही फरक असावा अशी शंका यंत्राला प्रथम आली. आता तर मोबाइल चेहरा शोधतो आणि अंधारात एकामागून एक अनेक चित्रे घेऊन त्यांचे एक चित्र बनवतो. यंत्र दरवर्षी शहाणे होते आहे हे नाकारण्यात काही अर्थ नाही.

मग काका शिकवत होते ते अडगळीत टाकावे काय? इथेच मला थांबावेसे वाटते. यंत्राचा शहाणपणा म्हणजे कुणीतरी आधी करून ठेवलेली निवड असते. ती कुणी, कुणाकडे पाहून केली, हे विचारायला नको का?

फिल्मच्या दिवसांत फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवायला कोडॅककडून एक नमुना-चित्र मिळत असे. त्यावर गोऱ्या कातडीची एक तरुणी. कोडॅकमध्ये काम करणाऱ्या पहिल्या तरुणीच्या नावावरून त्या सगळ्याच चित्रांना 'शर्ली कार्ड' म्हणू लागले. तिचा चेहरा नीट दिसला की यंत्र ठीक. तिच्या शेजारी सावळा माणूस बसला तर त्याचे काय, हा प्रश्न यंत्र लावताना उद्भवतच नसे. तपकिरी छटा नीट दिसाव्यात म्हणून फिल्म सुधारण्याची निकड कंपनीला वाटू लागली ती बरीचशी चॉकलेट आणि लाकडी सामान विकणाऱ्यांच्या तक्रारींमुळे, असे तिथे काम केलेल्या लोकांनीच पुढे सांगितले आहे. माणसांच्या चेहऱ्यांआधी कपाटांना न्याय मिळाला! आणि २०२१ साली गूगलने आपल्या मोबाइलमध्ये सावळ्या कातडीचे रंग खरे यावेत म्हणून खास सोय केली तेव्हा तिची जाहिरात करावी लागली, यावरूनच तोवर काय चालले होते ते कळते. मावशींचा काळा लंबगोल माझ्या आळसाने झाला हे खरे. पण त्या आळसाला एक तयार सरासरी साथ द्यायला बसली होती, आणि ती आपल्याकडे पाहून ठरवलेली नव्हती.

म्हणून उजेडाचे गणित यायला हवे असे मी अजूनही म्हणते. ते आले की काय होते, याचे माझे आवडते उदाहरण अमेरिकेतले आहे. १९४१ च्या नोव्हेंबरात अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ नावाच्या खेड्यावरून मोटारीने जात होता. उगवलेला चंद्र, खाली कब्रस्तानातले पांढरे क्रूस, त्यांच्यावर मावळतीचा शेवटचा उजेड. त्याने घाईघाईने मोठा कॅमेरा उभा केला, पण मीटर सापडेना. चंद्राचा उजेड दर चौरस फुटाला २५० कँडल असतो हे त्याला ठाऊक होते. त्यावरून त्याने हिशोब केला : छिद्र ३२, वेळ एक सेकंद. एक चित्र घेतले. दुसऱ्यासाठी पाटी उलटीपर्यंत क्रुसांवरचे ऊन गेले होते. लोक ही गोष्ट मॅन्युअलचा विजय म्हणून सांगतात. मला तीत वेगळेच दिसते. मीटर हाताशी असता तर अ‍ॅडम्सने तो आनंदाने वापरला असता. तो शोधतच होता की!

आता त्या मुलाकडे वळते. जिन्यातल्या प्रश्नानंतर दोन-तीन आठवड्यांनी मी त्याला वाचनालयात गाठले आणि चित्र कसे काढले ते विचारले. आधी तो लाजला. मग म्हणाला, "पहिले तीन-चार चांगले नाही आले. मोबाइल सगळं उजेडाचं करत होता. चार वाजताचं सहा वाजल्यासारखं दिसायला लागलं. मागची सगळी कोपी, चिंध्या, डबे, सगळं दिसायला लागलं. आईला ते नको होतं. मग मी जाळावर बोट ठेवलं आणि तो बारका सूर्य असतो ना ताई, तो खाली खाली ओढला. जेवढा अंधार खरा होता तेवढा झाल्यावर काढला."

मी त्याला विचारले, जाळावरच का? तो म्हणाला, "चेहऱ्यावर ठेवलं की जाळ पांढरा व्हायचा."

काकांनी मला तीन महिन्यांत शिकवले ते एवढेच होते. मीटर काय म्हणतो ते ऐकले, तो चुकतो आहे हे ओळखले, किती चुकतो ते समोरच्या अंधाराशी ताडून पाहिले आणि दुरुस्त केले. आईने काय दाखवायला नको म्हटले हेही त्याने उजेडातूनच सांभाळले. आमच्या नियमाच्या लेखी मात्र हे सगळे 'ऑटो' होते. आणि धबधब्यासाठी कुठल्याशा पुस्तकातले आकडे जसेच्या तसे एमवर लावणे हे 'मॅन्युअल'. आम्ही तिघे परीक्षक चित्राकडे पाहायचे सोडून चकतीकडे पाहत होतो.

शिवाय आणखी एक गोष्ट, जी सह्या करताना आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आली नाही. चकती असलेला कॅमेरा आज चाळीस-पन्नास हजारांना येतो. मंडळाकडे एकच आहे आणि तो मिळवायला तृतीय वर्षातल्या कुणाची तरी ओळख लागते. प्रथम वर्षातल्या बहुतेकांकडे फक्त मोबाइल असतो. तेव्हा 'एमवर काढलेले असावे' या शुद्धतेच्या नियमाचा साध्या मराठीत अर्थ काय होत होता, तो ज्याचा त्याने करावा.

या वर्षीच्या बैठकीत मी नियम काढून टाकण्याची सूचना मांडली. त्याजागी असे सुचवले, की प्रत्येक चित्रासोबत दोन ओळी लिहून द्याव्यात : उजेड कुठून येत होता, आणि चित्रात काय काळे किंवा पांढरे राहू द्यायचे ठरवले. मोड कोणताही चालेल. जोडीला जूनमध्ये नव्या मुलांसाठी आठ दिवसांचा वर्ग घ्यावा. पांढरी भिंत, काळी छत्री आणि सावळा मित्र एवढे साहित्य पुरे. एका सरांनी विचारले की दोन ओळी खोट्या लिहिल्या तर? त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. कुंडली खोटे बोलत नाही हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे, पण कुंडली पाहून आम्ही जे केले तेही माझ्या डोळ्यांसमोर आहे. सूचना तूर्त 'विचाराधीन' आहे. या शब्दाचा महाविद्यालयीन अर्थ प्राध्यापकवर्ग जाणतोच.

मावशींचा फोटो मी गेल्या मे महिन्यात जाऊन पुन्हा काढला. सकाळी, ओसरीच्या सावलीत, चकती 'ए'वर आणि अधिक-उणेच्या बटणाने एक स्टॉप अधिक. त्यांनी प्रत हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि म्हणाल्या, "आता मी म्हातारी दिसतिया." तरी भिंतीवर लावला आहे.

ऊसतोडीचे ते चित्र या लेखासोबत छापावे अशी संपादकांची इच्छा होती, माझीही होती. त्या मुलाला विचारले तर म्हणाला, चित्र आईचे आहे, तिला विचारून सांगतो. ती सध्या कारखान्यावर आहे आणि फडात मोबाइलला रेंज नसते. अंक छपाईला जाईपर्यंत तिचे उत्तर आलेले नव्हते, म्हणून पुढचे पान कोरे न ठेवता तिथे क्रीडा विभागाचा अहवाल घेतला आहे.